शेअर केलेला प्रिंटर आणि नेटवर्क प्रिंटर: प्रिंट येईना तर आधी हे बघा

"प्रिंटर नेटवर्कवर आहे" असं ऑफिसात सगळेच म्हणतात, पण त्यात दोन पार वेगळ्या भानगडी असतात आणि एकीचा उपाय दुसरीवर करत बसलं की अर्धा दिवस गेलाच. सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या टॉवेल-चादरवाल्यांच्या ऑफिसात दोन्ही सापडतील, कधीकधी एकाच खोलीत. माल भरून गाडी गेटवर उभी, ड्रायव्हर बिलाची कॉपी मागतोय, आतून आवाज येतो "सर, प्रिंट येईना की ओ", आणि स्क्रीनवर दोन्ही केसमध्ये एकच शब्द, ऑफलाइन.

शेअर केलेला म्हणजे प्रिंटर यूएसबीनं एकाच पीसीला जोडलाय आणि बाकीचे त्या पीसीतून प्रिंट मारतात, इथं प्रिंटरला स्वतःचा आयपी (नेटवर्कवरचा नंबरी पत्ता) नसतो. नेटवर्कवाला लॅन केबलनं नाहीतर वायफायनं थेट राउटरला जोडलेला, त्याला स्वतःचा आयपी. ओळखायला वायर बघा म्हणतात, पण त्यात एक गोची आहे: प्रिंटरला लॅन केबल असते तरी तुमच्या पीसीवर तो अकाउंटवाल्याच्या पीसीतून अॅड केलेला असतो, मग तुमच्यासाठी तो शेअरवालाच झाला. म्हणून प्रिंटरच्या यादीत नाव बघा, नावापुढं 'ऑन अकाउंट्स-पीसी' असलं काही दिसलं किंवा पत्ता दोन उलट्या तिरप्या रेघांनी सुरू होत असेल तर विषय संपला, शेअर आहे.

शेअरवाल्यात पहिलं काम म्हणजे मेन पीसीवरूनच, म्हणजे ज्याला प्रिंटर जोडलाय त्यावरूनच, एक प्रिंट मारून बघायची. तिथूनच येत नसेल तर नेटवर्कचा काही संबंध नाही, यूएसबी वायर बघा. तिथून येतेय आणि बाकीच्यांना येत नाही, तर तो पीसी स्लीपमध्ये जातोय का बघा (जानेवारीत अकाउंटवाला गड्ड्याच्या जत्रेला सुट्टी टाकून जाताना पीसी बंद करून गेला की अख्खं ऑफिस ऑफलाइन, आणि शिव्या प्रिंटरला), मग कुणी मोबाईलच्या हॉटस्पॉटवर तर नाही ना, मग मेन पीसीचं नेटवर्क 'पब्लिक' झालंय का, झालं असेल तर 'प्रायव्हेट' करा आणि फाईल अँड प्रिंटर शेअरिंग चालू करा. त्या पीसीचा पासवर्ड बदलला तरी बाकीच्यांचं कनेक्शन तुटतं, कारण त्यांच्याकडं जुनाच सेव्ह असतो. आणि ज्या एररच्या शेवटी ११बी असतं तो सप्टेंबर २०२१ च्या विंडोज अपडेटपासून सुरू झालेला, त्यावर रजिस्ट्रीत (विंडोजच्या आतल्या सेटिंगच्या यादीत) शून्य टाकायचा जुगाड सगळे सांगतात, चालतो पण, पण त्यानं त्या अपडेटनं आणलेली सिक्युरिटीच बंद होते, त्यापेक्षा आधी दोन्हीकडचे अपडेट पूर्ण करून बघा.

नेटवर्कवाल्याचं दुखणं बहुतेक वेळा आयपीचं. लाईट जाते, येते, राउटर रीस्टार्ट होतो, बरेच साधे राउटर कुणाला कुठला आयपी दिला होता ते विसरून जातात आणि पुन्हा वाटायला बसतात, मग काल १९२.१६८.१.१०५ वर असलेला प्रिंटर आज १०८ वर, आणि तुमचं विंडोज बिचारं १०५ लाच फाईल पाठवत बसलंय. इथं कुणाचाही पीसी रीस्टार्ट करून काही होत नाही. प्रिंटरच्या पॅनेलवरून कॉन्फिगरेशन पेज काढा, त्यावरचा आयपी आणि प्रिंटर प्रॉपर्टीजमध्ये पोर्ट्सच्या टॅबमधला आयपी जुळतो का बघा, बस. पेजवर १६९.२५४ नं सुरू होणारा नंबर आला तर प्रिंटरला राउटरकडून आयपी मिळालेलाच नाही, म्हणजे केबल, स्विच किंवा राउटर. आयपी कायमचा ठेवायचा तर राउटरमध्ये प्रिंटरच्या मॅक अॅड्रेसवर (मशीनचा स्वतःचा कायमचा नंबर) रिझर्व्ह करा, प्रिंटरमध्ये हातानं टाकणार असाल तर राउटर वाटतो त्या रेंजच्या बाहेरचा टाका, नाहीतर उद्या एखाद्याच्या मोबाईललाही तोच नंबर जाणार.

वायफायवर असेल तर गेस्ट नेटवर्क आधी तपासा, त्यावरची मशीन बहुतेक राउटर एकमेकांना दिसूच देत नाहीत. बरेच प्रिंटर वायफायचा फक्त २.४ गिगाहर्ट्झचा बँडच पकडतात तेही लक्षात ठेवा.

पिंग (पीसीवरून प्रिंटरच्या आयपीला मारलेली हाक) लागतोय, प्रिंटही येते, तरी ऑफलाइन दाखवतंय? पोर्टच्या सेटिंगमध्ये एसएनएमपी स्टेटसची (प्रिंटरला हालहवाल विचारत राहणारी सोय) टिक काढा. पिंग लागतोय पण फाईल क्यूमध्येच अडकलीय तर स्पूलर (प्रिंटची रांग सांभाळणारी विंडोजची सर्व्हिस) रीस्टार्ट करा, हे दोन्ही प्रकारात सारखंच. शेअरवाल्यात मेन पीसीचाही करायला विसरू नका, एवढंच.

माझं मत विचाराल तर दोन-तीन माणसांच्या ऑफिसात शेअर ठीक आहे, त्यापुढं प्रिंटरला लॅनचं सॉकेट असेल तर केबल ओढून टाका आणि प्रत्येक पीसीवर तो थेट आयपीनं अॅड करा. अॅड करताना विंडोज आपोआप डब्ल्यूएसडी पोर्ट (प्रिंटर स्वतःच शोधून जोडणारा) पुढं करतं, तो घेऊ नका, कधी सापडतो कधी हरवतो. स्टँडर्ड टीसीपी/आयपी पोर्ट निवडा आणि रिझर्व्ह केलेला नंबर हातानं टाका.