पार्श्वभूमी : मेंदूचं मॉडेल आणि स्लाइसची जाडी

जळगाव-धुळ्याकडे डोक्याचा साधा एमआरआय काढला की सीडीत बहुतेक वेळा 5 मिमी जाडीच्या स्लाइस, म्हणजे मेंदूच्या एकेका थराची चित्रं, येतात. निदानाला तेवढ्या पुरतात. त्यांवरून त्रिमिती मॉडेल करायला घेतलं, की मेंदूऐवजी पायऱ्या दिसतात. मेंदूचा बाहेरचा करडा थर जेमतेम 2 ते 4 मिमी. जाड स्लाइसमध्ये तो आतल्या पांढऱ्या भागात मिसळून जातो.

ही अडचण जुनीच. 1 ऑक्टोबर 1971 रोजी लंडनमध्ये ब्रिटिश अभियंता हाउन्सफील्डच्या यंत्रावर पहिल्या रुग्णाचा सीटी स्कॅन झाला, तेव्हा चित्र 80 × 80 ठिपक्यांचं आणि स्लाइस सुमारे 13 मिमीची होती. 1987 मध्ये लॉरेन्सन आणि क्लाइन यांनी ‘मार्चिंग क्यूब्स’ ही स्लाइसवरून त्रिकोणी जाळीचा पृष्ठभाग काढण्याची रीत मांडली. ती आजही चालते, पण स्लाइसमध्ये नसलेलं तीही कुठून आणणार? 1990 च्या सुमारास एमपीरेज ही एमआरआय काढण्याची पद्धत आली आणि सगळा मेंदू 1 मिमीच्या घनांत, काही मिनिटांत टिपता येऊ लागला. खरा फरक तिथे पडला.

2013 चं ‘बिगब्रेन’ हे मेंदूचं त्रिमिती मॉडेल स्कॅनवर थांबलं नाही. 65 वर्षांच्या एका मृत महिलेचा मेंदू मेणात बसवून त्याचे 20 मायक्रोमीटरचे 7,404 काप घेतले गेले. आपल्या सीडीतल्या एका स्लाइसच्या जाडीत असे 250 काप मावतात! इतके पातळ काप फाटतात, दुमडतात. ते संगणकावर एकेक करून दुरुस्त करावे लागले. 2024 मध्ये आयआयटी मद्रासने गर्भातल्या मेंदूंचे 5,132 काप ‘धरणी’ नावाने खुले केले.

खान्देशातल्या वैद्यकीय विद्यार्थ्याला मॉडेल करायचं असेल, तर स्कॅनआधीच ‘टी-वन थ्रीडी, 1 मिमी, मध्ये गॅप नको’ असं सांगून ठेवावं (टी-वन हा एमआरआय चित्राचा एक प्रकार). पुढे थ्रीडी स्लायसरसारख्या मोफत सॉफ्टवेअरमध्ये आधी कवटी वेगळी करावी. फक्त उजळपणाच्या मर्यादेवर भाग निवडला, तर डोळे आणि डोक्याच्या त्वचेखालची चरबीही सोबत येते. स्मूदिंग (पृष्ठभाग नितळ करणं) बेतानेच, जास्त झालं की अरुंद खाचा बुजतात आणि मेंदू गुळगुळीत होतो. थ्रीडी छपाईच्या एसटीएल फाइलमध्ये एकक नोंदलेलं नसतं, म्हणून छापण्याआधी लांबी मोजावी: प्रौढ मेंदू पुढून मागे साधारण 16-17 सेंमी भरतो. फाइलचा प्रकार बदलताना डावं-उजवं उलटण्याचाही धोका असतो, आणि मेंदू दोन्ही बाजूंनी वरवर सारखाच दिसत असल्याने ते नजरेतून सुटतं.