स्वमग्न मुलांचे प्रौढत्व : खानदेशातील पालकांची दृष्टी

स्वमग्नता म्हणजे ऑटिझम असलेली मुले वयात येतात, शाळेबाहेर पडतात, अठरा ओलांडतात. त्या काळात त्यांचे काम, पैसा, लग्न, निवारा यांबाबत आईवडिलांना काय दिसते, कशाची धास्ती वाटते आणि ते काय ठरवतात, हा या नोंदीचा विषय. जळगाव, धुळे आणि नंदुरबार या तिन्ही जिल्ह्यांत हा सगळा विचार फिरून एकाच प्रश्नाशी येतो : ‘आमना मांगे याले कोन दखी?’ आमच्या माघारी याच्याकडे कोण पाहणार? स्वमग्नता ही मेंदूच्या वाढीतली जन्मजात वेगळी घडण आहे. ती वयाबरोबर जात नाही, तिची रूपे बदलतात. तरीही उपचार, शिबिरे, मार्गदर्शन बहुतेक लहान मुलांसाठीच असते. मिसरूड फुटलेल्या मुलाच्या आईने कोणाला विचारायचे, हे ठरलेले नाही.

बालमानसोपचारतज्ज्ञ लिओ कॅनर यांनी १९४३ साली ज्या मुलांवरून स्वमग्नतेचे वर्णन केले, त्यांतले पहिले डोनाल्ड ट्रिपलेट. अमेरिकेच्या मिसिसिपी राज्यातल्या फॉरेस्ट या लहानशा गावात त्यांचे आयुष्य गेले. त्यांनी बँकेत नोकरी केली, मोटार चालवली, गोल्फ खेळले, एकट्याने दूरदूरचा प्रवास केला आणि २०२३ मध्ये, ८९व्या वर्षी ते वारले. बँक आजोळची होती आणि गाव त्यांना ओळखून होते. खानदेशातल्या खेड्यात यातली दुसरी गोष्ट पुष्कळदा मिळते, पहिली क्वचित. ‘भोळा शे’ म्हणून पारावरची माणसे मुलाला सांभाळून घेतात, हरवला तर घरी आणून सोडतात.

चौदा-पंधराव्या वर्षी मात्र हे चित्र पालटते. सहा वर्षांचा मुलगा शेजारच्या घरात शिरून फ्रिज उघडतो तेव्हा कौतुक होते; तोच दाढी आलेला मुलगा शिरला की बोलणी बसतात. मग घराला आतून कडी लागते. मे महिन्यात, जळगावचा पारा ४५ अंशांच्या घरात असताना, बंद खोलीत असा मुलगा सांभाळणे किती कठीण, हे ज्या घरात घडते तेच जाणते. त्यातच लग्नसराई आणि डीजे. आवाज सहन होत नाही म्हणून आईवडिलांपैकी एकाने मागे राहायचे ठरते, आणि ती बहुधा आईच असते; चार-पाच वर्षांत तिचे नातेवाइकांकडे जाणेच सुटते. काही मुलांना फेफरे पहिल्यांदा याच वयात येते. घरचे त्याला ‘बाहेरचे’ समजून भगताकडे नेतात आणि औषध लांबते.

मुलगी असेल तर काळजी दुप्पट. पाळी कशी सांभाळायची आणि तिला कोणी फसवले तर काय, या दोन धास्तींपोटी ‘पिशवीच काढून टाका’ असा सल्ला अजून मिळतो. दिव्यांगजन हक्क अधिनियम २०१६ च्या कलम १० नुसार व्यक्तीच्या स्वतःच्या, समजून दिलेल्या संमतीशिवाय वंध्यत्व आणणारा कोणताही उपचार करता येत नाही. शिवाय गर्भाशय काढल्याने अत्याचार टळत नाही. कोणाचा स्पर्श चालेल, कोणाचा नाही, हे चित्रे दाखवून पुन्हा पुन्हा शिकवणे हाच त्यावरचा कामाचा उपाय आहे.

मुलाच्या बाबतीत सल्ला वेगळा : ‘लगीन करी टाका, सुधरी जाई.’ काही स्वमग्न माणसे स्वतःच्या इच्छेने लग्न करतात आणि संसारही नीट करतात. पण मुलाची स्थिती लपवून गरीब घरची सून आणणे म्हणजे आपल्या माघारची चाकरी त्या मुलीच्या गळ्यात बांधणे होय. असा अन्याय टाळणारे, लोकांचे बोलणे सोसून नकार देणारे पालकही खानदेशात आहेत, आणि त्यांची बाजू योग्य आहे.

कामाबाबत इथल्या पालकांची अपेक्षा स्वतंत्र बिऱ्हाडाची नसते. घरात, शेतात याच्या हाताला काही असावे, दिवस रिकामा जाऊ नये, एवढीच असते. शेतीत तशी कामे आहेत. रावेर-यावलकडे केळीचा घड उतरवला की फण्या सुट्या करायच्या, धुवायच्या, मोजून खोक्यात रचायच्या. क्रम ठरलेला, बोलणे कमी. अशी कामे कित्येक स्वमग्न तरुणांना चांगली जमतात. डाळमिलमधला खडखडाट आणि धुरळा मात्र अनेकांना सोसवत नाही. घरच्या शेतात राबणाऱ्या मुलाला मजुरी दिली जात नाही, आणि हे बदलायला हवे : थोडे का होईना, पैसे त्याच्या हातात पडले पाहिजेत. शिकलेल्यांसाठी शासकीय नोकऱ्यांत दिव्यांगांच्या ४ टक्के आरक्षणातला १ टक्का स्वमग्नता, बौद्धिक अक्षमता, विशिष्ट अध्ययन अक्षमता, मानसिक आजार आणि बहुविकलांगता यांना मिळून आहे.

अठरावे वर्ष पालकांना गाठते ते बँकेत. तोवर खाते अज्ञानाचे, म्हणजे अठराखालच्या मुलाचे असते, सही आईची चालते. मुलगा सज्ञान झाला की बँक त्याची स्वतःची सही आणि नवी कागदपत्रे मागते. काउंटरसमोर तो हात झटकत असतो, मागे रांग खोळंबलेली असते, आणि ‘पालकत्वाचा दाखला आणा’ हे शब्द बाप तिथे आयुष्यात पहिल्यांदा ऐकतो. जन्मदाते असूनही अठरानंतर आपण कायद्याने आपोआप पालक राहत नाही, हे त्याला कोणी सांगितलेले नसते. राष्ट्रीय न्यास अधिनियम १९९९ नुसार हा दाखला जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालची स्थानिक स्तर समिती देते. नेमलेल्या पालकाने सहा महिन्यांत मालमत्तेची यादी आणि दरवर्षी हिशेब सादर करायचा असतो. २०१६ च्या कायद्यातले मर्यादित पालकत्व निराळे. त्यात त्या व्यक्तीसह मिळून निर्णय घेणे अभिप्रेत आहे. ज्याला आपले म्हणणे थोडेफार सांगता येते, त्याच्यासाठी हा मार्ग आधी पाहावा. १९९९ च्या कायद्याने उभ्या राहिलेल्या राष्ट्रीय न्यासाच्याच निरामय योजनेत १ लाख रुपयांपर्यंतचा आरोग्य विमा आहे.

मालमत्तेचा प्रश्न याहून नाजूक. वाटणीत याचा हिस्सा भावाच्या नावे करायचा आणि भावाने याला सांभाळायचे, ही रीत जुनी. पण भावाला कोणी विचारत नाही, भावजयीला तर नाहीच. भाऊ पुण्याला किंवा सुरतेला नोकरीला गेला की ठरलेले सगळे कोलमडते. आईवडील हिंडते-फिरते असतानाच दोघांना समोर बसवून हे बोलायला हवे, मृत्युपत्र त्यानंतर. सरकारी नोकरीतल्या पालकांनी अशा अपत्याचे नाव कुटुंब निवृत्तिवेतनासाठी आपल्या हयातीतच कार्यालयात नोंदवून ठेवावे.

अमेरिकेत शाळेने सोळाव्या वर्षापर्यंत मुलाच्या पुढल्या आयुष्याचा आराखडा करायला घ्यावा लागतो. इंग्लंडमध्ये शिक्षण-आरोग्याची योजना पंचविसाव्या वर्षापर्यंत चालू राहू शकते. भारतात मोफत शिक्षणाचा हक्क अठराला संपतो, आणि पुढचे सारे घरावर येते.

या सगळ्यात खुद्द त्या तरुणाचे मत कमी ऐकू येते. बोलता न येणारा मुलगाही चित्रांच्या कार्डांवरून, मोबाइलवर अक्षरे दाबून होय-नाही सांगू शकतो, पण तसे शिकवणारे मुंबई-पुण्याकडे जास्त. त्यातही शिकवणी प्रमाण मराठीत. घरी अहिराणी, पावरी, भिली. ‘घरातही मराठीच बोला’ असे सांगितल्यामुळे आजी नातवाशी बोलायचीच थांबते. धडगाव-अक्कलकुव्यातल्या पाड्यावर मुलाला मोठेपणी ज्या माणसांत राहायचे आहे त्यांची भाषा पावरी किंवा भिली आहे. चित्रांची कार्डेही त्या घरातल्या वस्तूंची, त्या घरातल्या शब्दांची बनवता येतात, आणि ती आईला स्वतः करता येतात.