सर्वसाधारण सभा (नगरपरिषद)

नगरपरिषदेच्या सगळ्या नगरसेवकांनी नगराध्यक्षांच्या अध्यक्षतेखाली एकत्र बसून शहराच्या कारभाराचे निर्णय ठरावाच्या रूपाने घ्यायचे, त्या बैठकीला सर्वसाधारण सभा म्हणतात. महाराष्ट्रात तिचा आधार ‘महाराष्ट्र नगरपरिषदा, नगरपंचायती व औद्योगिक नगरी अधिनियम, १९६५’ हा आहे. महानगरपालिकांचा कायदा निराळा आणि त्यांच्या सभेची रीतही निराळी. ही नोंद वाई, पंढरपूर, महाड, मनमाड अशा मध्यम आणि लहान शहरांपुरती आहे. एक लाखावर लोकसंख्या असेल तर नगरपरिषद ‘अ’ वर्गात येते, चाळीस हजारांपासून एक लाखापर्यंत ‘ब’ वर्गात आणि त्याखाली ‘क’ वर्गात. खेडेपण सोडून शहराच्या वाटेवर असलेल्या गावाला नगरपंचायत मिळते.

१ जून १९९३ पासून अमलात आलेल्या ७४व्या घटनादुरुस्तीने या संस्थांना राज्यघटनेत जागा दिली. त्या वेळी जोडलेल्या बाराव्या अनुसूचीत अठरा विषय आहेत. पाणीपुरवठा आणि रस्त्यावरचे दिवे हे दोन्ही त्यात नावानिशी आहेत. रस्त्यावर दिवाबत्ती करणे हे तर १९६५ च्या कायद्यानेही नगरपरिषदेचे बंधनकारक कर्तव्य मानले आहे. दिवे लावणे हा मर्जीचा प्रश्न नाही, हे वॉर्डातल्या अंधाराची तक्रार घेऊन जाणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक असायला हवे.

सभेआधी काही दिवस नगरसेवकांच्या घरी विषयपत्रिका पोचते. पहिला विषय बहुधा ठरलेला असतो: ‘मागील सभेचे कार्यवृत्त वाचून कायम करणे’. मग खर्चाच्या मंजुऱ्या, निविदा, कर, जागांची भाडी, आलेले अर्ज. शेवटी ‘मा. अध्यक्षांच्या परवानगीने ऐनवेळी येणारे विषय’. हा शेवटचा विषय साधा दिसतो, पण सभेतले निम्मे भांडण त्याच्यावरून होते, आणि ते रास्त आहे. जो विषय आधी कागदावर आलाच नाही, त्याचा अभ्यास कोण कधी करणार? प्रत्येक ठरावाला एक सूचक आणि एक अनुमोदक लागतो. विरोध नसला तर ‘सर्वानुमते मंजूर’ अशी नोंद होते. समसमान मते पडली तर अध्यक्ष निर्णायक मत देतात. स्वीकृत, म्हणजे निवडून न येता नेमलेल्या, नगरसेवकांना बोलता येते, मत देता येत नाही. मुख्याधिकारी हे राज्य शासनाचे अधिकारी. सभेत ते माहिती देतात, कायदा काय म्हणतो ते सांगतात आणि झालेल्या ठरावाची अंमलबजावणी करतात.

ठराव बेकायदेशीर असेल, लोकांना त्रासदायक असेल, त्याने शांतता बिघडणार असेल किंवा पैशाची नासाडी होणार असेल, तर कलम ३०८ खाली जिल्हाधिकारी त्याची अंमलबजावणी थांबवू शकतात. ‘तीनशेआठला टाकू’ हे वाक्य नगरपरिषदेच्या जिन्यात वारंवार ऐकू येते ते यामुळे.

सभेच्या अधिकाराची हद्द कळायला दिवे आणि पाणी यांच्यासारखी दुसरी उदाहरणे नाहीत.

दिव्यांच्या विजेचा दर सभा ठरवत नाही. तो महाराष्ट्र विद्युत नियामक आयोग ठरवतो. आयोगाच्या दरपत्रकात पथदिव्यांचा वेगळा वर्ग ठेवण्याची पद्धत आहे. नगरपरिषद महावितरणची ग्राहक असते आणि बिल थकले की दिव्यांची जोडणी तुटते. सभेच्या हातात उरते ते किती खांब उभारायचे, कुठे उभारायचे, किती वॅटचे दिवे बसवायचे आणि देखभाल कोणाकडे द्यायची, एवढेच. पण हे थोडे नाही. १५० वॅटचा पिवळा सोडियम दिवा चोकसकट साधारण १७० वॅट ओढतो. तो रात्री ११ तास जळाला तर वर्षाला ६८० च्या आसपास युनिटे जातात. त्याजागी ६० वॅटचा एलईडी लावला तर २४० युनिटांत भागते. एका खांबामागे वर्षाला सुमारे ४४० युनिटे वाचली, म्हणजे दोन हजार खांबांच्या गावात जवळपास पावणेनऊ लाख. या एका हिशेबावर सभेत तासभर चर्चा झाली तर ती वाया गेली असे कोणी म्हणू नये.

केंद्र सरकारने २०१५ साली पथदिवे बदलण्याचा राष्ट्रीय कार्यक्रम आणला. त्याची कल्पना अशी, की दिवे बसवणारी संस्था आधी स्वतः खर्च करते, ठरलेली वर्षे देखभाल पाहते आणि वाचलेल्या वीजबिलातून आपले पैसे वसूल करते. गावाला एकदम भांडवल काढावे लागत नाही, हा मोठा फायदा. अडचण देखभालीत येते. पूर्वी दिवा गेला की नगरसेवक वायरमनला हाक मारायचा, तो खांद्यावर शिडी घेऊन यायचा आणि संध्याकाळच्या आत फिटिंग बदलून जायचा. देखभाल बाहेर दिल्यावर तक्रार क्रमांक मिळतो, शिडी येत नाही. म्हणून देखभालीचा करार सभेपुढे येतो तेव्हा तीन गोष्टी विचारायलाच हव्यात: बंद दिवा किती तासांत सुरू व्हायचा, न झाल्यास दंड किती, आणि टायमर कोण तपासणार. टायमर बिघडला की भर दुपारी दिवे जळत राहतात आणि त्याचेही बिल गावच भरते.

पाण्याचे गणित वेगळे आहे. पाणीपट्टीचा दर सभेच्या ठरावाने ठरतो. धरणातून उचललेल्या पाण्याचा दर, उपशाच्या विजेचा दर, तुरटी आणि क्लोरीनचा भाव हे सगळे बाहेर ठरते. घरमालकाने काय भरायचे ते मात्र गावचे लोकप्रतिनिधी ठरवतात. बहुतेक ठिकाणी अजून नळाच्या व्यासावर वर्षाची ठोक रक्कम घेतात: अर्धा इंची नळाला इतके, पाऊण इंचीला इतके. दोन माणसांचे घर आणि टेरेसवर तीन टाक्या भरणारा बंगला सारखेच पैसे देतात. हा अन्याय दिसतो सगळ्यांना, पण मीटरचा विषय निघाला की सभा तहकूब होते. निवडणूक वर्षभरावर आली की दरवाढीचा विषय पत्रिकेवरूनही गळतो. मग तूट वाढत जाते, पंप जुने होतात, आणि फेब्रुवारी-मार्चमध्ये वसुली पथक हलगी वाजवत थकबाकीदाराच्या दारात उभे राहते.

वाट नाही असे नाही. कऱ्हाडला लागून असलेल्या मलकापूरने नगरपंचायत असतानाच घरोघर मीटर बसवले, वापर वाढेल तसा दर चढत जाईल असे टप्पे ठरवले आणि चोवीस तास पाणी दिले. नळ कधीही सुटतो म्हटल्यावर माणूस साठवून ठेवत नाही आणि शिळे म्हणून ओतूनही देत नाही. याच्या उलट टोकाला मनमाड. तिथे उन्हाळ्यात पंधरा-वीस दिवसांआड नळ येण्याचा अनुभव पिढ्यान्‌पिढ्या घेतलेली घरे आहेत. तिथे मुळात पाणीच कमी, त्यामुळे तिथल्या सभेला दोष देऊन भागत नाही.

ठरावाने काय साधते आणि काय साधत नाही, हे महाराष्ट्राला महाडने शिकवले. सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले असावेत असा सी. के. बोले यांचा ठराव मुंबई कायदे कौन्सिलने ४ ऑगस्ट १९२३ रोजी मंजूर केला. त्याला धरून महाड नगरपालिकेने ५ जानेवारी १९२४ रोजी चवदार तळे सर्वांना खुले केले. सुरबानाना टिपणीस त्या वेळी नगराध्यक्ष होते. ठराव झाला, पण तळ्यावर पाणी भरायला कोणी धजावले नाही. २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी हजारो सत्याग्रहींसह तळ्यावर जाऊन पाणी प्यायले, तेव्हा त्या कागदात जीव आला. पुढे ४ ऑगस्ट १९२७ रोजी त्याच नगरपालिकेने आपला ठराव मागे घेतला. तळे सार्वजनिक असल्याचा निकाल मुंबई उच्च न्यायालयाने १९३७ साली दिला, तोवर दहा वर्षे गेली. एका गावच्या सभेचे दोन ठराव आणि त्यांच्यामधली साडेतीन वर्षे: नगरपालिकेच्या इतिहासात याहून मोठे पान नाही.

पुण्यातले एक उदाहरणही विसरू नये. जोतीराव फुले १८७६ ते १८८२ या काळात पुणे नगरपालिकेचे सभासद होते. व्हाइसरॉय लिटन यांच्या स्वागतासाठी हजार रुपये खर्चायचा विषय आला, तेव्हा बत्तीस सभासदांत जोतीराव एकटे विरोधात उभे राहिले. ते सरकारनियुक्त सभासद होते, लोकांनी निवडलेले नव्हते, हे लक्षात घेतले की त्या एका हाताची किंमत कळते. लॉर्ड रिपन यांचा स्थानिक स्वराज्याचा प्रसिद्ध ठराव यायला (१८८२) अजून अवकाश होता.

आज सभा नीट चालते की नाही, हे बरेचसे निवडणुकीच्या पद्धतीवर ठरते. नगराध्यक्ष थेट लोकांनी निवडावा की नगरसेवकांनी, यावर राज्याने अनेकदा मत बदलले. २०१६ मध्ये थेट निवड आली, २०२० मध्ये गेली, २०२२ मध्ये पुन्हा आली. थेट निवडीत नगराध्यक्ष एका पक्षाचा आणि बहुमत दुसऱ्याचे असे होऊ शकते. मग विषय चांगला असो वा वाईट, आकडेमोडीत अडकतो. उलट पद्धतीत नगराध्यक्षाला खुर्ची सांभाळण्यासाठी नगरसेवकांची मर्जी राखावी लागे. दोन्हींचा त्रास गावांनी सोसला आहे. स्त्रियांसाठी निम्म्या जागा राखीव झाल्या २०११ मध्ये. तेव्हापासून पाण्याची वेळ आणि बोळातला अंधार हे विषय सभेत अधिक नेटाने येऊ लागले, असे माझे निरीक्षण आहे.

घटनेने मुदत पाच वर्षे ठरवली. तरी इतर मागासवर्गीयांच्या आरक्षणाचा न्यायालयीन वाद लांबला आणि २०२१-२२ मध्ये मुदत संपलेल्या बहुसंख्य नगरपरिषदा प्रशासकाच्या हाती गेल्या. त्या काळात सूचक नाही, अनुमोदक नाही, विरोध नाही. ठरावाच्या जागी प्रशासकाची सही. दिवे लागले, पाणीही सुटले, पण दर का वाढला हे विचारायला सभागृहात कोणी नव्हते. सर्वोच्च न्यायालयाने मे २०२५ मध्ये निवडणुका घेण्याचा आदेश दिला. राज्य निवडणूक आयोगाने २४६ नगरपरिषदा आणि ४२ नगरपंचायतींचा कार्यक्रम जाहीर केला. २ डिसेंबर २०२५ रोजी मतदान झाले, काही ठिकाणी ते २० डिसेंबरला गेले, आणि २१ डिसेंबरला सगळीकडची मतमोजणी एकत्र झाली.

सभेला नागरिकाने जाऊन बसायला हरकत नाही. कार्यवृत्ताची प्रत माहितीच्या अधिकारात मिळते. अर्जात सभेची तारीख आणि ठराव क्रमांक लिहावा, म्हणजे ‘माहिती विस्तृत स्वरूपाची आहे’ असे उत्तर येत नाही.