पत्त्यातली रिकामी जागा आणि ती तपासणारा डोळा

बेळगावच्या खडे बाजारातल्या दुकानाला आलेल्या पाकिटाच्या कोपऱ्यात कुणी पेन्सिलीने 'हिशेब झाला' असे खरडले, तरी पोस्टमन ते त्याच दुकानात टाकतो. इंटेलच्या नव्या प्रोसेसरांतली 'लिनियर ॲड्रेस मास्किंग' ऊर्फ लॅम ही सोय याच धर्तीची. मेमरीचा पत्ता ६४ बिटांचा. पण पेज टेबलच्या, म्हणजे प्रोग्रामचा पत्ता खऱ्या मेमरीतल्या जागेशी जोडणाऱ्या तक्त्याच्या, चार पायऱ्या असतील तर त्यातली ४८ च बिटे कामाची, पाच असतील तर ५७. वरच्या रिकाम्या बिटांत प्रोग्रामने स्वतःची खूण ठेवावी आणि प्रोसेसरने तिच्याकडे काणाडोळा करावा, एवढाच करार. एका प्रकारात खुणेला १५ बिटे मिळतात, दुसऱ्यात ६. सर्वांत वरचे बिट मात्र कुणालाच देत नाहीत, कारण पत्ता वापरकर्त्याच्या प्रोग्रामचा की कर्नेलचा, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याचा, हे त्यावरून ठरते. मोकळी केलेली मेमरी चुकून पुन्हा वापरली जाते तेव्हा या खुणा फार उपयोगी पडतात.

हीच सोय व्हर्च्युअल मशीनला, म्हणजे संगणकात सॉफ्टवेअरने उभ्या केलेल्या दुसऱ्या संगणकाला, द्यायची तर ते मशीन चालवणाऱ्या हायपरव्हायजर या प्रोग्रामचा कोड बदलावा लागतो. लिनक्समधला केव्हीएम हा हायपरव्हायजर २००७ पासून कर्नेलमध्येच आहे आणि त्याचा कोड सर्वांना खुला आहे. व्हीटीयू या तंत्रज्ञान विद्यापीठाचे मुख्यालय बेळगावातच. खानापूर-निपाणीकडची मुले तिथे ऑपरेटिंग सिस्टिमचा पेपर लिहितात. त्यांनी असा एखादा बदल ओळीओळीने वाचावा, असे मला फार वाटते.

वाचताना आधी एक गोष्ट धरून ठेवायची. बहुतेक वेळा पत्ता प्रोसेसर स्वतःच सोडवतो, हायपरव्हायजरला कळतही नाही. प्रोसेसरला दिलेल्या काही सूचना मात्र केव्हीएमला स्वतः चालवून दाखवाव्या लागतात, आणि गफलत होते ती तिथे. डेटाच्या पत्त्यावरची खूण पुसायला विसरलात तर खऱ्या मशीनवर न येणारी एरर गेस्टला, म्हणजे आतल्या व्हर्च्युअल मशीनला, येते. उलट, सरसकट सगळीकडे पुसलीत तर? पुढची सूचना आणताना लॅम लागू नाही; पत्त्याची साठवलेली जुनी नोंद पुसणाऱ्या इन्व्हीएलपीजी या सूचनेच्या पत्त्यालाही नाही. तिथे खूण पुसली की जो पत्ता नाकारायला हवा तो गुपचूप आत जातो. ही दुसरी चूक मला जास्त घातक वाटते, कारण ती केल्यावर काहीच बिघडल्यासारखे दिसत नाही.

पेज टेबल कुठे आहे ते सांगणाऱ्या सीआर-३ या रजिस्टरचीही तीच कथा. लॅम चालू करणारी बिटे, ६१ वे आणि ६२ वे, पेज टेबलच्या पत्त्याशेजारीच बसतात. ती वेगळी न काढता अख्खा आकडा पत्ता म्हणून वापरला, तर शोध भलत्याच जागी सुरू होतो. गेस्टला ही सोय दाखवलीच नसेल तर ही बिटे नाकारायलाच हवीत. ती अट बदलात आहे का, हेही पाहायचे.

डिसेंबर २०२३ मध्ये ॲमस्टरडॅमच्या संशोधकांनी 'स्लॅम' हल्ला मांडला. पत्त्यांची तपासणी सैल झाली की प्रोसेसर अंदाजाने पुढचे काम आधीच करून ठेवतो त्यातून गुपिते गळू शकतात, हा त्यांचा मुद्दा. पुढच्या वर्षी लिनक्सने लॅम बहुतेक ठिकाणी बंदच ठेवायचे ठरवले.