साखळीला ताव देण्याची जुनी रीत

नाशिकमधल्या सातपूर-अंबडच्या फॅब्रिकेशन शेडमध्ये अजूनही कुणीतरी सुचवतं, ‘भार उचलायची साखळी कडक झालीय, गॅसवर लाल करून घ्या.’ हा निव्वळ अडाणीपणा नाही. एकेकाळी हाच नियम होता, आणि तेव्हा तो बरोबरही होता.

जुन्या उचल-साखळ्या घडीव लोखंडाच्या असत. रोजच्या हिसक्यांनी कड्यांचा वरचा थर कडक होत जाई. मग एखाद्या झटक्याला कडी ताणली न जाता तडकन तुटे. साखळीचं दुखणंच असं की एक कडी गेली की सगळा भार खाली येतो. खाणीतल्या साखळ्यांच्या याच त्रासावर जर्मनीतल्या हार्त्स भागात विल्हेल्म आल्बर्ट यांनी १८३४ मध्ये तारांचा दोर वापरात आणला. दोराच्या तारा एकेक करून तुटतात, दिसतात, सावध व्हायला वेळ मिळतो. पण भट्टीजवळ आणि धारदार कडांवर दोर टिकत नाही, त्यामुळे साखळी गेली नाही. तिला ताव देऊन सावकाश थंड करायचं, म्हणजे लोखंड पुन्हा चिवट होतं, असा उपाय ठरला.

ब्रिटिश कायद्यात ही सक्ती होती. तिथून ती आपल्याकडच्या कारखाना नियमांत उतरली: अर्धा इंच किंवा त्याहून बारीक सळईच्या आणि वितळलेल्या धातूसाठीच्या साखळ्यांना दर ६ महिन्यांनी ताव, बाकीच्यांना १२ महिन्यांनी. १९४८ च्या कारखाना अधिनियमाच्या कलम २९ नुसार सक्षम व्यक्तीकडून १२ महिन्यांतून एकदा तपासणीही ठरली. ती वेगळी गोष्ट, पण बोलण्यात दोन्ही एकत्र मिसळल्या. ओझरचा विमान कारखाना १९६४ चा. नाशिकची कारखानदारी वाढली ती हे नियम आधीच कागदावर असताना.

पुढे धातूच बदलला. आजची ग्रेड ८० (बळाचा दर्जा) साखळी मिश्रपोलादाची, आधी कडक करून मग बेताच्या उष्णतेने चिवट केलेली. १० मिमी जाडीच्या एकेरी साखळीला ३.१५ टन भार. तिला ३०० ते ४०० अंश सेल्सिअसला वापरायचं तर भार पाऊणच धरायचा, ४०० च्या वर वापरायचीच नाही. लाल करणं म्हणजे ७०० च्या आसपास, तिथे कारखान्यात दिलेलं बळ निघून जातं. कडीवरचा ग्रेडचा ८ हा ठसा आणि साखळीला लावलेल्या टॅगवरचे ३.१५ टन मात्र तसेच राहतात.

झीज व्हर्नियरने, म्हणजे जाडी मोजायच्या मापकाने, सापडते: एकाच जागी काटकोनात दोन मापं घ्यायची, १० मिमी कडीची सरासरी ९ च्या खाली गेली की साखळी बाद. वाकलेली, चिरलेली किंवा वेल्डिंगने जोडलेली कडी मापाशिवायच बाद. ताव दिलेल्या साखळीचं माप मात्र बरोबरच येतं. काळी-निळी खपली आणि जळालेला रंग, एवढीच खूण, तीही वायर ब्रशने जाते. संशय आला तर टॅग काढून कड्या गॅसनेच कापायच्या, न कापता भंगारात टाकली तर ती पुन्हा कुठल्यातरी हूकला लटकते.