विमानतळाजवळ बांधकाम करताय? उंचीचं ना हरकत प्रमाणपत्र आधी घ्या

१५ जून २०२३ रोजी सोलापुरात सिद्धेश्वर सहकारी साखर कारखान्याची सहवीजनिर्मितीची चिमणी पाडण्यात आली. होटगी रस्त्यावरच्या विमानतळावर येणाऱ्या विमानांना ती अडथळा ठरते, हा वाद त्याआधी कित्येक वर्षं चालला होता. कारखान्याच्या सभासदांना आणि विमानसेवेची वाट पाहणाऱ्या शहराला, दोघांनाही त्याची झळ बसली. उभं राहिलेलं बांधकाम उतरवणं किती जड जातं हे तिथं सगळ्यांनी पाहिलं. त्यामुळे कोल्हापूर, जळगाव, गोंदिया, नांदेड, शिर्डी अशा विमानतळांच्या आसपास ज्यांनी प्लॉट घेतलाय त्यांनी ‘इथं दिवसाला दोन-चार विमानं येतात, कोण बघतंय’ असं समजू नये. विमानं कमी असली तरी उतरणाऱ्या प्रत्येक विमानाला आकाशात तेवढीच मोकळी जागा लागते.

ही मोकळी जागा मोजूनमापून ठरवलेली असते. धावपट्टीच्या टोकापासून बाहेरच्या दिशेला एक चढता पृष्ठभाग धरला जातो आणि कोणतंही बांधकाम त्याच्या वर जाऊ द्यायचं नसतं. उपकरणांच्या आधारे अचूक उतरता येणाऱ्या मोठ्या धावपट्टीसाठी हा चढ सुरुवातीला ५० मीटरला १ मीटर असतो, म्हणजे एक किलोमीटरवर जेमतेम २० मीटर. धावपट्टीच्या दोन्ही बाजूंना तो बराच तीव्र असतो, ७ मीटरला १. म्हणून विमानतळापासून सारख्याच अंतरावरच्या दोन प्लॉटना वेगवेगळी उंची मिळू शकते. शेजारच्या सोसायटीला सात मजले मिळाले म्हणून आपल्यालाही मिळतील, हा हिशेब इथं चालत नाही.

उंचीच्या ना हरकत प्रमाणपत्राचा आधार आहे केंद्राच्या नागरी विमान वाहतूक मंत्रालयाचे २०१५ चे उंची निर्बंध नियम. २०२० मध्ये त्यांत दुरुस्ती झाली. विमानतळाच्या संदर्भबिंदूपासून (विमानतळाचं ठिकाण दाखवणारा ठरावीक बिंदू) २० किलोमीटरच्या आत बांधकाम असेल तर हा विषय तुमचा आहे, असं धरून चला. निवासी इमारतच नव्हे, मोबाइल टॉवर, चिमणी, पाण्याची उंच टाकी, विजेचे मनोरे हेही त्यात येतात.

पण २० किलोमीटरच्या आतल्या प्रत्येकाला अर्ज करावा लागतोच असं नाही. पहिली चौकशी महापालिकेच्या किंवा नगरपालिकेच्या नगररचना विभागात करा. अनेक विमानतळांसाठी भारतीय विमानतळ प्राधिकरणाने रंगीत चौकोनांत विभागलेले नकाशे तयार करून स्थानिक संस्थांना दिले आहेत. तुमची जागा लाल चौकोनात असेल तर प्राधिकरणाचं प्रमाणपत्र लागणारच. इतर रंगांत नकाशावर दिलेल्या उंचीपर्यंत स्थानिक संस्था स्वतःच परवानगी देऊ शकते. त्याहून वर जायचं असेल तर अर्ज करावा लागतो.

अर्ज जागामालक, विकासक किंवा संस्था करू शकते. वास्तुविशारदाकडून करून घ्यायचा असेल तर त्याच्या नावे अधिकारपत्र द्यावं लागतं. सगळं काम प्राधिकरणाच्या ‘नोकास’ या ऑनलाइन प्रणालीवर होतं. विमानतळ कोणाच्या ताब्यात आहे ते मात्र आधी पाहा. पुण्याचं लोहगाव हवाई दलाचं आहे, गोव्याचं दाबोळी नौदलाचं आणि नाशिकचं ओझर हिंदुस्तान एरोनॉटिक्सचं. तिथल्या उंचीची परवानगी त्या-त्या संस्थेकडून घ्यायची असते.

कागदपत्रांची यादी लांब नाही. जागेचे अक्षांश-रेखांश आणि जमिनीची समुद्रसपाटीपासूनची उंची यांचा सर्वेक्षकाने प्रमाणित केलेला दाखला, दिलेली माहिती खरी असल्याचं ठरावीक नमुन्यातलं हमीपत्र, आणि जागेचा नकाशा. सातबारा किंवा मिळकत पत्रिका जवळ ठेवा, म्हणजे गट नंबर आणि पत्ता सगळीकडे तंतोतंत सारखा पडेल.

यातला पहिला दाखला सगळ्यात महत्त्वाचा, आणि नेमकी तिथंच लोक काटकसर करतात. फोनमधल्या ॲपवर दिसलेली उंची अर्जात टाकू नका, ती कित्येक मीटरने चुकू शकते. प्राधिकरण तुमच्या जागेवर येऊन मोजणी करत नाही. तुम्ही दिलेल्या आकड्यांवरच हिशेब होतो. आकडे चुकीचे निघाले तर जबाबदारी अर्जदाराची, आणि ती वरचा मजला पाडण्यापर्यंत जाऊ शकते. चांगल्या सर्वेक्षकाची फी त्यापुढे काहीच नाही.

प्रमाणपत्र हातात आलं की त्यावरची ‘अनुज्ञेय माथा उंची’ नीट वाचा. ती जमिनीपासून नाही, समुद्रसपाटीपासून दिलेली असते. समजा ती ५०० मीटर आहे आणि तुमची जमीन ४७६ मीटरवर आहे, तर इमारतीला मिळाले २४ मीटर. या २४ मीटरमध्ये सगळं बसलं पाहिजे: गच्चीवरची जिन्याची खोली, लिफ्टची खोली, पाण्याची टाकी, अँटेना, वीजरोधक दांडासुद्धा. वीजरोधक बसवणारा माणूस सगळ्यात शेवटी येतो आणि त्याला हा आकडा कोणी सांगितलेलाच नसतो. त्याला तो लेखी द्या. भराव घालून प्लॉट उंच केला असेल तर तेवढी उंची इमारतीतून कमी होते. शेवटचा स्लॅब टाकण्याआधी सर्वेक्षकाकडून माथ्याची पुन्हा मोजणी करून घ्या.

सोबतच्या अटीही वाचा. विमानतळाच्या संदर्भबिंदूपासून ८ किलोमीटरच्या आत धूर न करणारं इंधनच वापरावं लागतं, त्यामुळे तळमजल्यावर बेकरी किंवा हॉटेल येणार असेल तर ते आत्ताच ठरवा. धावपट्टी आणि टॅक्सीवेच्या (विमानाला धावपट्टीपर्यंत नेणाऱ्या मार्गाच्या) दिव्यांशी गल्लत होईल असे दिवे गच्चीवर लावता येत नाहीत. विमानवाहतूक नियमांत १० किलोमीटरच्या आत उघड्यावर कचरा टाकण्यालाही मनाई आहे, कारण कचऱ्यावर घारी जमतात आणि त्या विमानाला धडकतात.

हे प्रमाणपत्र फक्त उंचीपुरतं असतं. त्याने जागेची मालकी सिद्ध होत नाही आणि बांधकाम परवानाही मिळत नाही. तो स्थानिक संस्थेकडून वेगळा घ्यायचा. इमारतीच्या प्रमाणपत्राची मुदत साधारण ८ वर्षं असते. काम सुरू झालं असेल आणि उशीर तुमच्या हाताबाहेरच्या कारणाने झाला असेल तर एकदा मुदतवाढ मिळू शकते, मात्र त्यासाठीचा अर्ज मुदत संपण्यापूर्वीच पोचला पाहिजे.