लेव्हलिंग किट व टायरचे माप

लेव्हलिंग किट म्हणजे पिकअप ट्रकचे नाक उचलून मागच्या अंगाच्या उंचीला आणण्यासाठी पुढच्या सस्पेन्शनमध्ये बसवायचा सुट्या भागांचा संच. अमेरिका व कॅनडात तो रूढ असून बहुधा मोठ्या टायरांसोबतच घेतला जातो. पुढची उंची साधारणपणे १.५ ते २.५ इंचांनी वाढते. चारही चाकांवर गाडी उचलणारे ‘लिफ्ट किट’ हा वेगळा प्रकार होय.

कारखान्यातून आलेला रिकामा पिकअप मागून उंच आणि पुढून खाली असतो. या उताराला तिकडे ‘रेक’ म्हणतात. तो दोष नव्हे. हौदा भरला किंवा ट्रेलर जोडला की मागचे पाटे दबतात, गाडी मागून बसते आणि सपाट होते. रिकामी असतानाच सपाट केलेली गाडी ओझ्याखाली नाक वर करते, पुढच्या चाकांवरचा भार घटतो आणि हेडलाइटचा झोत समोरून येणाऱ्याच्या डोळ्यांत जातो. नेहमी ट्रेलर ओढणाऱ्याने हे किट टाळावे हे उत्तम.

उगम : या प्रथेचे मूळ दोन काळांत दाखवता येते. जनरल मोटर्सने १९८८ पासून मोठ्या फोर-व्हील ड्राइव्ह पिकअपांना पुढे टॉर्शन बार, म्हणजे पीळ खाणारी पोलादी दांडी, दिली. फोर्ड एफ-१५० मध्ये ती १९९७ ते २००३, तर डॉज रॅम १५०० मध्ये २००२ ते २००५ या काळात होती. दांडीच्या टोकाचा बोल्ट पिळला की नाक वर येई. विकत काही घ्यावे लागत नसे. पुढे एफ-१५० ला २००४ मध्ये, रॅमला २००६ मध्ये आणि जनरल मोटर्सच्या हाफ-टन (मोठ्या पिकअपांतल्या हलक्या श्रेणीच्या) गाड्यांना २००७ च्या सुमारास स्प्रिंगमध्ये गुंफलेला स्ट्रट, म्हणजे धक्के शोषणारा दांडा, आला आणि पिळायचा बोल्टच उरला नाही. टोयोटा टाकोमात मात्र ही रचना १९९५ पासूनच होती. गाडी सपाट करण्याची सवय पहिल्या काळातली मानली, तरी दुकानात मिळणारा संच या अर्थाने किटचा प्रसार दुसऱ्या काळातला, साधारणपणे एकविसाव्या शतकाच्या आरंभीचा, मानणे अधिक ग्राह्य वाटते.

प्रकार व यंत्रणा : सर्वांत स्वस्त प्रकार म्हणजे स्ट्रटच्या डोक्यावर बसणारी चकती. स्ट्रट खालच्या आर्मवर, म्हणजे चाकाला गाडीशी जोडणाऱ्या हातावर, चाकापासून बराच आत टेकलेला असल्याने इंचभर चकतीने चाकाशी दीड-दोन इंच उंची मिळते. स्ट्रटच्या आत, स्प्रिंगपाशी घालायची चकती स्प्रिंगला आधीच दाबून ठेवते. उंची कमी-जास्त करता येणाऱ्या स्ट्रटमध्ये स्प्रिंगची बैठक वरच्या खाचेत सरकवतात.

बोल्ट पिळल्याने किंवा स्प्रिंग आधीच दाबल्याने ती ‘कडक होते’, असे सर्रास सांगितले जाते. ते पटण्याजोगे नाही. दांडी तीच, गाडीचे वजनही तेच. म्हणून उभ्या गाडीत दांडीला पडणारा पीळही जवळजवळ तेवढाच राहतो. बदलते ते चाकाला खाली जायला उरलेले अंतर. ते कमी झाल्याने खड्ड्यात चाक लटकताच आर्म टोकाच्या अडवणीवर आपटतो आणि चालकाला तोच धक्का कडकपणा वाटतो. डोक्यावरच्या चकतीत हे अंतर शाबूत राहते, पण चाकाची सगळी हालचालच खाली सरकते. चाक पूर्ण लटकले की बॉल जॉइंट (आर्मच्या टोकाचा गोल सांधा) व पुढच्या अ‍ॅक्सलचे सांधे मूळ आखणीपेक्षा अधिक तिरपे होतात. त्या सांध्यांचे रबरी बूट फाटून ग्रीस बाहेर आले, तर उंची जास्त झाली का हे आधी तपासावे. कोणत्याही प्रकारात कॅम्बर, कॅस्टर व टो हे पुढच्या चाकांच्या बैठकीचे कोन बिघडतात. अलाइनमेंट (हे कोन पुन्हा जुळवणे) आणि हेडलाइटची जुळणी करणे अनिवार्य आहे.

टायरचे माप : २७५/६५ आर १८ या मापात २७५ ही मिलिमीटरमधली रुंदी, ६५ ही रुंदीच्या टक्क्यांत टायरच्या भिंतीची उंची, आर म्हणजे रेडियल आणि १८ हा रिमचा इंचांतला व्यास. त्यावरून बाहेरचा व्यास ३२.१ इंच येतो. त्याच रिमवर २७५/७० घेतल्यास तो ३३.२ इंच होतो. व्यास इंचभर वाढला तरी गाडी वर येते ती अर्धाच इंच, हे गिऱ्हाइकाला सहसा कोणी सांगत नाही. स्पीडोमीटर ६० दाखवतो तेव्हा गाडी ६२ ने धावत असते. ३.५५ गिअर गुणोत्तराचा अ‍ॅक्सल ३.४३ असल्यासारखा वागतो, म्हणजे ओढ कमी होते.

टायर घासतो तो बहुधा सरळ रस्त्यावर नव्हे, तर स्टिअरिंग पूर्ण वळवून चाक दबले असता. टाकोमात तो चाकामागच्या केबिनच्या आधारकडीला लागतो. काही मालक ती कडी कापून पुन्हा वेल्डिंग करून घेतात. उंची वाढवून ही अडचण पुरती सुटत नाही, कारण तिथे रिमचा ऑफसेट, म्हणजे चाक किती आत वा बाहेर बसते ते मापही, तितकाच महत्त्वाचा ठरतो. चाक बाहेर काढले तर आर्मपासून सुटका होते, पण वळताना टायरचा घेर मोठा होऊन तो बंपरला व मडगार्डला गाठतो. म्हणून आधी टायर व ऑफसेट ठरवावा, मग किटची उंची. सपाट जागी, टाकी भरलेली ठेवून, चाकाच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंत पुढे व मागे टेपने मोजावे. चाकाचा व्यास त्या मोजणीत येत नाही.

‘एलटी’ (लाइट ट्रक) खुणेच्या टायरांत ई श्रेणी म्हणजे दहा प्लायची, म्हणजे दहा थरांची, क्षमता. प्रत्यक्षात थर दहा नसतात. तेवढेच ओझे पेलायला या टायरांना मूळ प्रवासी टायरांपेक्षा जास्त हवा लागते.

कायदा : नाक मागच्यापेक्षा फार उंच ठेवण्याच्या उलट प्रकाराला नॉर्थ कॅरोलायना (२०२१), व्हर्जिनिया (२०२२) व साउथ कॅरोलायना (२०२३) या राज्यांनी बंदी घातली, रिकामी असताना सपाट असलेली गाडी तीत येत नाही. भारतात मोटार वाहन कायदा, १९८८ चे कलम ५२ निर्मात्याच्या मूळ तपशिलाशी विसंगत बदलांना मनाई करते आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये तेच अधोरेखित केले. इसुझू व्ही-क्रॉस किंवा टोयोटा हायलक्स बाळगणाऱ्यांना ते लागू आहे.